तुम्ही नक्की कॅथलिक का? आमच्या पॅरिशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वसईची, बरीच वर्षं झाली अमेरिकेत राहते आणि इथे ज्या पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चला, जाते ती कॅथलिक आहे पण रोमन नाही. एवढं बोलले की समोरच्याची प्रश्नांची माळ सुरू. नातेवाईक विचारतात, महाराष्ट्र मंडळातल्या काकू विचारतात, ऑफिसातली पुण्याची मैत्रीण विचारते, आणि प्रत्येकाला व्हॉट्सअपवर तेच तेच टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. चर्चमध्ये जे मानतात ते आणि माझं स्वतःचं मत दोन्ही यात मिसळलंय, पण कुठलं कुठलं ते कळेल तुम्हाला.

कॅथलिक पण रोमन नाही, हे काय नवीन?

नवीन काही नाही. कॅथलिक हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ सगळ्यांना धरून असणारं, सार्वत्रिक. रोमचा बिशप म्हणजे पोप सगळ्यांचा वरचा आणि त्याचा शब्द शेवटचा, हे जे मानतात ते रोमन कॅथलिक. आता केरळातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बघा, तेही क्रीडमध्ये, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, 'एकमेव, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय चर्च' असंच म्हणतात, त्यांचा पोपशी काही संबंध नाही. आम्हीही रविवारी तेच क्रीड म्हणतो. मिस्सा म्हणजे रविवारची मुख्य उपासना तीच, साक्रामेंतं म्हणजे बाप्तिस्मा, लग्न असे पवित्र विधी तेच सात, बिशप-फादर-डीकन ही उतरंडही तीच. फक्त आमच्या बिशपची नेमणूक रोमहून येत नाही, लोक निवडतात.

म्हणजे प्रॉटेस्टंटच की!

नाही हो. हे सगळ्यात जास्त वेळा ऐकते. आमच्याकडे मेणबत्त्या आहेत, धूप आहे, मरियामातेची मूर्ती आहे, मेलेल्यांसाठी मिस्सा आहे, आणि भाकर-द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर येतो असंच मानतात, नुसती आठवण म्हणून नाही. प्रॉटेस्टंट लोकांशी दोस्ती आहे, इतकी की आमचं चर्चच मुळी मेथडिस्टांच्या हॉलमध्ये भाड्याने भरतं. त्यांची सकाळची उपासना झाली की दुपारी चारला आम्ही. कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारच्या कपाटात आमचा प्याला आणि थाळी ठेवलेली असते, ती काढायची, फोल्डिंग टेबलावर पांढरं कापड घालायचं, झाली वेदी. मिस्सा संपली की घडी घालून परत कपाटात, कारण सोमवारी तिथे बालवाडी असते.

हे चर्च कोणी काढलं? कधी?

एका माणसाने एका दिवशी काढलं असं नाही. स्वतंत्र कॅथलिक ही एक संस्था नाहीच, एकाच ओढ्याला फुटलेले बरेच पाट आहेत म्हणा. पण उगम विचारलात तर हॉलंडमधलं उट्रेख्त शहर.

तिथल्या कॅथलिकांचा शेकडो वर्षांपासूनचा हक्क होता की आपला बिशप आपण निवडायचा. १७०२ साली रोमने त्यांच्या बिशपला, पेट्रुस कोडे त्याचं नाव, जान्सेनिस्ट, म्हणजे रोमने चुकीच्या ठरवलेल्या एका पंथाच्या, विचारांचा आहे असा आरोप ठेवून बाजूला केलं. मग वर्षानुवर्षं त्यांना बिशपच नाही, आणि बिशप नाही म्हणजे नवे फादर नाहीत, पोरांचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याचा विधी, नाही. अशात १७१९ मध्ये दोमिनिक वार्ले नावाचा फ्रेंच बिशप पर्शियाला जाता जाता अ‍ॅमस्टरडॅमला थांबला, लोकांनी गळ घातली म्हणून त्याने ६०४ जणांचं दृढीकरण करून टाकलं, बहुतेक गरीब लोक, ज्यांना दुसरीकडे जायला गाडीभाडं नव्हतं. पुढे तिकडे पोचल्यावर रोमचं पत्र आलं, तुम्ही निलंबित. बिचारा परत फिरला तो अ‍ॅमस्टरडॅमलाच येऊन राहिला, आणि १७२४ मध्ये उट्रेख्तच्या लोकांनी निवडलेल्या कॉर्नेलिस स्टीनोवेनच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बिशप केलं, कारण बिशप करायचा तो आधीच्या बिशपनेच असा हात ठेवून. तिथून रोमशिवायची पण खरी बिशपांची ओळ सुरू झाली.

दुसरा मोठा टप्पा १८७० चा. पहिल्या व्हॅटिकन परिषदेत १८ जुलैला ठरलं की पोप ठराविक अधिकाराने श्रद्धेबद्दल बोलला तर तो चुकूच शकत नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातले पुष्कळ शिकलेले कॅथलिक म्हणाले की हे आमच्या आजोबांनी कधी ऐकलं नव्हतं, आम्ही आहोत तसेच जुने कॅथलिक राहतो. म्हणून नाव पडलं ओल्ड कॅथलिक. म्युनिकचे प्राध्यापक डोलिंगर त्यातले मोठे, १८७१ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. पुढे १८८९ मध्ये हे सगळे आणि उट्रेख्तवाले एकत्र आले, त्याला उट्रेख्त युनियन म्हणतात. लोकांच्या भाषेत मिस्सा, फादरांना लग्नाची मोकळीक, बिशप निवडताना सामान्य माणसाचं मत, हे हळूहळू त्यांनी आणलं. आपल्याकडे मराठीत मिस्सा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, तेव्हा जर्मन ओल्ड कॅथलिक त्यांच्या भाषेत मिस्सा म्हणून म्हातारे झाले होते.

एक खरं सांगून टाकते, अमेरिकेतल्या आमच्यासारख्या बहुतेक छोट्या चर्चेसना उट्रेख्त युनियन आपलं म्हणत नाही. नात्यातलेच, पण लग्नाची पत्रिका येत नाही.

याच्याशी गोव्याचा काय संबंध? तू मागे काहीतरी म्हणाली होतीस

मला सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून लांब उत्तर.

गोव्यात वेर्णे गावात १८३६ साली आंतोनियु फ्रान्सिस्कु शाव्हियेर आल्व्हारिस जन्मला. फादर झाला, वर्तमानपत्रं काढली, पोर्तुगीज सरकारवर आणि चर्चमधल्या वरच्या लोकांवर सडकून लिहिलं, कॉलऱ्याच्या साथीत घरोघर फिरला. त्या काळी आपल्या भागात चर्चवर दोन मालक भांडत होते, एक पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो आणि दुसरा थेट रोमचा प्रोपागांडा. मुंबईकरांना हे नवीन नाही, मुंबईत तर एकाच शहरात दोन बिशपांची हुकूमत १९२८ पर्यंत चालली, काही चर्चेस याची, काही त्याची, आणि भांडणं काय विचारू नका. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि रोमने आपसात करार केला नि वाटणी करून टाकली, श्रीलंकेतल्या काही गोवन वळणाच्या पॅरिशेसना कोणी विचारलंच नाही. ते चिडले, रोम सोडलं, आणि आल्व्हारिस त्यांचा पुढारी झाला.

पण बिशप कोण करणार? आल्व्हारिस केरळात गेला. १८८९ मध्ये मलंकारा ऑर्थोडॉक्सांनी त्याला बिशप केलं, नाव दिलं मार ज्युलियस, गोवा, श्रीलंका आणि भारताचा मेट्रोपोलिटन. गंमत म्हणजे त्याने मिस्सा ठेवली रोमसारखी लॅटिन वळणाचीच, केरळच्या ऑर्थोडॉक्सांसारखी सिरियन नाही.

आता अमेरिका. विस्कॉन्सिनमध्ये बेल्जियन शेतकऱ्यांच्या वस्तीत जोसेफ रने व्हिलाट नावाचा एक फ्रेंच फादर काम करत होता, त्याला स्वित्झर्लंडच्या ओल्ड कॅथलिक बिशपने दीक्षा दिलेली. त्याला बिशप व्हायचं होतं आणि युरोपात कोणी करेना. तर हा माणूस बोटीत बसून कोलंबोला आला, आणि २९ मे १८९२ ला आपल्या वेर्ण्याच्या आल्व्हारिसने, केरळच्या दोन बिशपांना बरोबर घेऊन, त्याच्या डोक्यावर हात ठेवले. त्या दोघांतले एक परुमला इथले मार ग्रेगोरियोस, ज्यांना आज केरळात संत मानतात. व्हिलाट परत गेला आणि पुढच्या वर्षांत त्याने बऱ्याच जणांना बिशप केलं. त्यातलाच एक जॉर्ज अलेक्झांडर मॅकग्वायर, १९२१ मध्ये, ज्याने काळ्या लोकांसाठी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च उभं केलं कारण गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना मागचा बाक होता. सॅन फ्रान्सिस्कोत जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनला संत मानणारं चर्च आहे ना, ते याच झाडाची फांदी.

अमेरिकेतल्या शेकडो स्वतंत्र कॅथलिक बिशपांच्या वंशावळीत व्हिलाट सापडतो, म्हणजे त्याच्या वर आल्व्हारिस. आमच्या बिशपने मला त्याचा तक्ता दाखवला, वरून खाली नावांची लांबच लांब यादी, आणि मध्ये अचानक 'गोवा'. इतकी वर्षं मी समजत होते की वसई सोडून कुठल्यातरी परक्या चर्चमध्ये आलेय.

आल्व्हारिसचं पुढे काय झालं म्हणाल तर फार वाईट. गोव्यात पोर्तुगिजांनी १८९५ मध्ये त्याला अटक केली, अंगावरचे बिशपचे कपडे उतरवले. तरी तो पणजीतच राहिला, गरिबांसाठी काम करत. १९२३ मध्ये रायबंदरच्या हॉस्पिटलात वारला, शेवटपर्यंत रोमकडे परत गेला नाही. आज त्याच्या अस्थी रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. व्हिलाट मात्र म्हातारपणी रोमला शरण गेला. माझं मत विचाराल तर गुरू चेल्यापेक्षा खमक्या.

इन्क्लुझिव म्हणजे नक्की काय करता? बोर्डावर लिहिलेलं असतं ते

कम्युनियनच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याच्या, आधी आमच्याकडे एक वाक्य असतं, हे टेबल चर्चचं नाही, येशूचं आहे, त्याने बोलावलंय, या. बस. घटस्फोट झालेला, परत लग्न केलेला, गे, लेस्बियन, ट्रान्स, अविवाहित आई, दहा वर्षं चर्चची पायरी न चढलेला, कोणाला बाजूला बसवत नाहीत. आणि नुसतं कम्युनियन नाही, साती साक्रामेंतं सगळ्यांना, म्हणजे लग्नही आणि याजकपदही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण 'सगळ्यांचं स्वागत आहे' असं बऱ्याच ठिकाणी लिहितात, आत गेल्यावर कळतं की स्वागत बाकापर्यंतच.

आणि हे काही परवा परवाचं फॅड नाही. १९४६ मध्ये अटलांटात काही गे पुरुषांना कम्युनियन नाकारलं गेलं, तेव्हा जॉर्ज हाइड नावाच्या तरुणाने त्यांना घेऊन वेगळी मिस्सा सुरू केली, स्वतंत्र कॅथलिक परंपरेतच. १९४६! अमेरिकेत गे लोकांच्या हक्कांची चळवळ म्हणून ज्या गोष्टी आपण वाचतो त्याच्या वीस-तेवीस वर्षं आधी.

पण तू का सोडलंस? खरं सांग

माझं पहिलं लग्न मोडलं. का मोडलं ते जाऊ दे. काही वर्षांनी मी परत लग्न केलं, कोर्टात. रोमन नियमाने पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चच्या कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागतं, त्याशिवाय दुसरं लग्न धरत नाहीत आणि कम्युनियन घेता येत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतात, वसईतल्या माणसांना पत्रं जाणार, त्यांनी माझ्या संसाराबद्दल फॉर्म भरायचे... माझी तयारी नव्हती. आणि झालंच नव्हतं असं मी म्हणू कशी, नऊ वर्षांचा संसार होता, माझा मुलगा त्याच लग्नातला आहे.

तेव्हा आम्ही ज्या पॅरिशला जायचो तिथे मी तीन वर्षं दर रविवारी कम्युनियनच्या वेळी गुडघे बाजूला घेऊन बाकड्यावर बसून राहायचे म्हणजे रांगेतल्या लोकांना जाता येईल. बाकी कोणी वाईट वागलं नाही, उलट फादर भेटले की आपुलकीने चौकशी करायचे. पण मुलाची पहिली कम्युनियन होती त्या दिवशी मी बसलेली, तो मागे वळून बघतोय की आई का येत नाही. त्यानंतर एका शेजारणीने या हॉलचा पत्ता दिला.

बायका मिस्सा म्हणतात? खरंच?

हो. आमची पास्टर, म्हणजे पॅरिश सांभाळणारी याजक, बाईच आहे, आठवडाभर हॉस्पिसमध्ये नर्सचं काम करते, शेवटच्या आजारातल्या लोकांपाशी बसते, आणि रविवारी मिस्सा म्हणते. तिचं प्रवचन दहा मिनिटांच्या वर जात नाही, म्हणते माझे पेशंट इतका वेळ थांबत नाहीत.

या बाबतीत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराची गोष्ट माहीत असायला हवी. तिथे कॉर्पस क्रिस्ती नावाची भरलेली, गाजणारी रोमन पॅरिश होती. फादर जिम कॅलन तिथे तीन गोष्टी उघडपणे करत होते, मेरी रेमरमन नावाच्या बाईला झगा घालून वेदीपाशी आपल्या बाजूला उभं करत, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देत, आणि कॅथलिक नसलेल्यांनाही कम्युनियन देत. १९९८ च्या ऑगस्टमध्ये त्यांना तिथून हलवलं. नंतर रेमरमनना काढलं, डिसेंबरात आणखी सहा कर्मचारी. लोक काही ऐकेनात, त्यांनी १९९९ मध्ये वेगळी वाट धरली, नाव घेतलं स्पिरितुस क्रिस्ती, आणि रोमने त्यांना बाहेर ठरवलं. नोव्हेंबर २००१ मध्ये शहरातल्या ईस्टमन थिएटरमध्ये हजारो माणसांसमोर ओल्ड कॅथलिक परंपरेतले बिशप पीटर हिकमन यांनी मेरी रेमरमनना याजक केलं. चर्च पुरलं नाही म्हणून थिएटर, कल्पना करा. पुढे तिथे मायरा ब्राउन ही आफ्रिकन-अमेरिकन बाई याजक झाली आणि पॅरिशची पास्टरही.

(ज्या १९९८ मध्ये रॉचेस्टरची पॅरिश फुटली त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईतून वेगळा होऊन आपला वसई धर्मप्रांत झाला. काही संबंध नाही, पण मला दोन्ही एकदम आठवतात.)

युरोपात जर्मन ओल्ड कॅथलिकांनी बायकांना १९९६ मध्येच याजक केलं होतं आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रियात मारिया कुबिन बिशपसुद्धा झाल्या. पण सगळेच असे नाहीत हं. अमेरिकेतलं पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च याच मुद्द्यावर २००३ मध्ये उट्रेख्त युनियनमधून बाहेर पडलं. रोमपासून स्वतंत्र म्हणजे पुरोगामीच असेल असं धरून चालू नका, काही स्वतंत्र गट तर रोमपेक्षा कडक आहेत, लॅटिनशिवाय बोलत नाहीत.

फादरांना लग्न चालतं? पगार किती?

लग्न चालतं. पगार शून्य. नर्स, शिक्षक, हॉस्पिटलात रुग्णांसाठी प्रार्थना करणारे चॅप्लेन, एक जण तर विमा कंपनीत आहे. बिशपसाहेब स्वतःची गाडी चालवत येतात आणि त्यांची उंच टोपी जिमच्या बॅगेतून निघते, इस्त्री आम्ही करून देतो.

ही मिस्सा लागते का?

हा माझ्या आईचा प्रश्न. ती वसईहून आली होती तेव्हा पहिल्याच रविवारी गाडीत विचारलं. लागते म्हणजे, रविवारची मिस्सा चुकली तर पाप, मग ही धरली जाते की नाही?

रोमच्या हिशेबात नाही. त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, एक वैध आणि एक कायदेशीर. खऱ्या बिशपांच्या ओळीतून दीक्षा मिळालेला पुरुष रोमच्या परवानगीशिवाय मिस्सा म्हणत असेल तर ती वैध असू शकते पण कायदेशीर नाही. ओल्ड कॅथलिक किंवा पोलिश नॅशनल चर्चच्या दीक्षेला रोम साधारण या नजरेने बघत आलंय. अमेरिकेतल्या छोट्या गटांबद्दल सरसकट काही म्हणत नाहीत, संशयच जास्त. आणि बाईने म्हटलेली तर त्यांच्या मते मिस्साच नाही, १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्पष्ट लिहून टाकलंय की चर्चला बायकांना याजक करायचा अधिकारच नाही. तर रोमन म्हणून राहायचं असेल आणि नियम पाळायचे असतील तर सकाळी रोमन मिस्साला जा आणि दुपारी आमच्याकडे कॉफीला या. मी आईला हेच सांगितलं, तिने तेच केलं.

दुपारी ती मागच्या खुर्चीत रोजरी हातात घेऊन पूर्ण वेळ बसली. कम्युनियनला आली नाही, मीही आग्रह केला नाही. घरी येताना बराच वेळ गप्प, मला वाटलं आता सुरू होणार. मग म्हणाली, बाई मिस्सा बोलते ते ठीक आहे, चांगली बोलते, पण भाकर वर केली तेव्हा घंटा कशी नाही वाजवली तुमच्यात कोणी?

घंटा नव्हतीच आमच्याकडे. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सगळे बिशपच बिशप, हे खरं का?

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. हो, स्वतंत्र कॅथलिकांमध्ये हा रोग आहे. दोन माणसांचं पटलं नाही की तिसऱ्या दिवशी दोन चर्चेस, प्रत्येकाला बिशप, कधीकधी बिशप एक आणि माणसं चार. काहींना लोकांपेक्षा वंशावळीत रस, एका ओळीवर भागत नाही म्हणून परत परत हात ठेवून घेतात, आल्व्हारिसची एक, उट्रेख्तची एक, ब्राझीलच्या दुआर्ते कोस्ताची एक. (हा कोस्ता रोमन बिशप होता, व्हॅटिकनवर जाहीर टीका केली म्हणून १९४५ मध्ये बहिष्कृत, त्याने ब्राझीलचं वेगळं चर्च काढलं.) मला विचाराल तर कुठल्याही स्वतंत्र पॅरिशमध्ये जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. पैशांचा हिशेब कोण बघतं, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पोलीस तपासणी होते का, आणि फादरची तक्रार करायची झाली तर कोणाकडे. उत्तर द्यायला कां-कूं केलं तर पायात चपला घाला आणि निघा. आमच्याकडे निवडलेली कमिटी आहे आणि दर तीन महिन्यांनी हिशेब भिंतीवर लागतो, त्यात दूधपावडरचा खर्चसुद्धा असतो.

मरियामाता, पोप, कन्फेशन, शुद्धिस्थान, हे सगळं मानता का?

मरियामातेला मानतो, नमो मरिया म्हणतो, सप्टेंबरात तिचा सण मी वसईसारखा करते, फुलं घालून. पण तिच्याबद्दल रोमने १८५४ आणि १९५० मध्ये जी दोन तत्त्वं सक्तीची केली, ती जन्मापासून निष्पाप होती आणि सदेह स्वर्गात गेली, ती आमच्यात सक्तीची नाहीत, ज्याला मानायची त्याने मानावीत. पोपला रोमचा बिशप म्हणून मान, मिस्सात त्याच्यासाठी प्रार्थना, पण तो चुकू शकत नाही हे नाही मानत. कन्फेशन म्हणजे पापांची कबुली आहे, कानात सांगायचं तर फादर बसतात, नाहीतर सगळ्यांनी मिळून मिस्साच्या सुरुवातीला करायचं तेही चालतं. शुद्धिस्थानाबद्दल, म्हणजे मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेबद्दल, दहा माणसांची अकरा मतं आहेत आणि कोणी त्यावरून भांडत नाही.

जुने ओल्ड कॅथलिक एक कसोटी लावायचे, पाचव्या शतकातल्या लेरँच्या व्हिन्सेंटची, जे सगळीकडे, सगळ्या काळात, सगळ्यांनी मानलं ते धरायचं. ऐकायला छान आहे पण मग बायकांना याजक कसं केलं, ते तर सगळ्या काळात नव्हतं, असं कोणी विचारलं तर बरोबरच आहे. आमची पास्टर म्हणते की ती कसोटी श्रद्धेला लावायची, येशू देव आणि माणूस, मेला आणि उठला, याला. वेदीपाशी कोण उभं राहणार हे चर्चच्या शिस्तीतलं, आणि शिस्त बदलत आलीय. मला पटतं. आईला पटत नाही.

हिंदू नवरा/बायको असेल तर? मिस्साला येऊ शकतात?

माझा नवराच नाशिकचा हिंदू आहे, तो खुर्च्या लावतो आणि गाण्याच्या वेळी तबला धरतो. बाप्तिस्मा घे म्हणून त्याच्या मागे कोणी लागलेलं नाही. कम्युनियनला तो जात नाही, स्वतःच्या मनाने, बोलावणं त्यालाही आहेच.

इथे बाळाचा बाप्तिस्मा केला तर वसईत चालेल का?

पाणी ओतून, बाप, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने केलेला बाप्तिस्मा रोमन चर्च साधारणपणे खरा धरतं, मग तो कुठल्याही चर्चमधला असो, परत करत नाहीत. आमच्याकडे अगदी तसाच होतो आणि सर्टिफिकेट मिळतं. पण पुढे वसईत पहिली कम्युनियन किंवा लग्न करायचं झालं तर तिथल्या फादरांना आधीच भेटा आणि काही लपवू नका. लग्नाचं तसं नाही, आमच्याकडचं लग्न अमेरिकेच्या कायद्याने पक्कं, रोमच्या वहीत नाही.

भारतात असं चर्च आहे का?

आल्व्हारिसची आठवण जपणारे आहेत. उडुपीजवळ ब्रह्मावरला त्याचे सहकारी फादर नोरोन्हा यांनी कोंकणी बोलणाऱ्या कॅथलिकांना सांभाळलं, ती मंडळी आज मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. पण ते ऑर्थोडॉक्स, बायका याजक वगैरे तिथे विचारू नका. मुळाचा माणूस आपल्याकडचा, फांदी अमेरिकेतली, अशी उलटी गंमत आहे.

रोमन कॅथलिकांवर राग आहे का?

माझे सगळे भाऊ-बहिणी रोमन, मामेभाऊ फादर. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने समलिंगी जोडप्यांना, लग्नाचा विधी न करता, साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली तेव्हा आमच्या हॉलमध्ये केक कापला, आणि कोणीतरी म्हणालंच की अटलांटाला सत्त्याहत्तर वर्षं झाली. दोन्ही खरं.

पहिल्यांदा यायचं तर काय करायचं?

काही नाही, या. पार्किंग मागच्या बाजूला, पुढचं दार चारनंतर बंद असतं म्हणून बाजूच्या दाराने. कपडे कसेही, मी साडी नेसते फक्त नाताळ आणि ईस्टरला. सही घेत नाहीत, नाव विचारलं तर फक्त पहिलं. थाळी फिरते, नाही टाकलं तरी चालतं. भाकर घरी भाजलेली असते, गव्हाची, पण ज्यांना गहू चालत नाही त्यांची वेगळी असते, आधी सांगा. मुलं रडली तर रडू द्या. आणि भाकर वर केल्यावर घंटा वाजली तर दचकू नका, ती आईने पुढच्या खेपेला वसईहून बॅगेत आणलीय, पितळेची, हॉलच्या मानाने आवाज जरा मोठाच आहे.